पाळतीचं ओझं

मी काय काम करते हे माझ्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते, 'कंप्युटरचं काहीतरी करते,' आणि ते चुकीचं नाही. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक भाग असतो, त्याला कर्नेल म्हणतात. वर चाललेल्या कोणत्याही प्रोग्रामला काहीही करायचं असलं, फाइल उघडायची असो की संदेश घ्यायचा असो, तरी त्याच्याच दारातून जावं लागतं. त्या दारात बसून नोंदी घेणारे छोटे प्रोग्राम मी लिहिते. कोण आत गेलं, किती वेळ अडकलं, कशापायी अडकलं. यंत्र हळू का चालतंय हे या नोंदींवरून कळतं. याला ट्रेसिंग म्हणतात. मला ते फार चांगलं जमतं, असं मी काही वर्षांपूर्वीपर्यंत कोणी न विचारताही सांगत असे.

माझ्या या चांगल्या जमणाऱ्या कामामुळे भामरागडच्या पलीकडच्या एका गावातली दिवस भरलेली बाई मेली. नदी चढायच्या आत तिला बोटीने आणायचं होतं. तिच्यासाठी पाठवलेला संदेश आमच्या यंत्रात चार तास पडून राहिला. तो मी अडकवला होता. कागदोपत्री सगळं पुरावर गेलं आहे, आणि ज्यांनी ते तसं लिहिलं ते मला भेटले की अजूनही आग्रहाने चहा पाजतात.

पुण्यातली नोकरी सोडून मी चंद्रपूरला आईवडिलांकडे परत आले तेव्हा एका लहान संस्थेने मला धरलं. गडचिरोलीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत जुनं सर्व्हर मशीन. दुसरीत नियंत्रण कक्ष, म्हणजे एक टेबल, तीन फोन आणि एक भाऊ. हे भाऊ वनखात्याच्या वायरलेसवर जन्म घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. दुर्गम गावांतल्या आरोग्य उपकेंद्रांच्या सिस्टरांना संस्थेने फोन दिले होते. सिस्टरने फोनवर संदेश पाठवायचा, अमुक रुग्ण, अमुक गरज. मशीनने तो भाऊंच्या टेबलावर आणायचा, आणि भाऊंनी बोट, गाडी, औषध, जे लागेल ते हलवायचं. मी महिन्यातून दोनदा गडचिरोलीला जायचे. बाकी सगळं घरून, घुग्घुसच्या रस्त्यावरच्या आमच्या घरातून, खिडकी बंद करून, कारण उघडी ठेवली की तासाभरात कीबोर्डवर कोळशाची धूळ बसते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पावसाळ्यात त्या बाजूची गावं तुटतात. फोनला रेंज मिळते ती दूरच्या एखाद्या टेकडीवर, तीही कशीबशी. बोलणं तुटतं, संदेश तेवढा जातो. जंगलातून एकट्या बाईने टेकडीपर्यंत जायचं कसं? म्हणून सिस्टर लोक आठवड्याचे संदेश फोनमध्ये लिहून ठेवत आणि बाजाराच्या दिवशी निघत. त्या दिवशी गावचे लोक त्याच वाटेने जातात, सोबत मिळते. परिणामी आमचं मशीन सहा दिवस रिकामं बसे आणि बाजाराच्या दिवशी दुपारी सगळ्या गावांचे संदेश त्याच्यावर एकदम येऊन आदळत. मग ते अडकायचं. भाऊ म्हणत, "आपल्या मशीनले बाजार मानवत नाई." मी हसायचे, आणि मनात म्हणायचे की आता बघाच.

जून लागता लागता मी माझा पाळत ठेवणारा प्रोग्राम मशीनवर चढवला. त्याची रचना सरळ होती. गाभ्यात एक मोठा सामाईक तक्ता. मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला क्रमांक असतो. काम दारातून आत गेलं की त्याच्या क्रमांकापुढे वेळ लिहायची, बाहेर आलं की तोच क्रमांक पुन्हा तक्त्यात शोधून किती वेळ लागला ते काढायचं. कामं थोडी असली तर कुठे काही जाणवत नाही. पण ती एकदम हजारोंनी आली की सगळी त्या एका तक्त्यापाशी तुंबतात. एक लिहीत असेल तर दुसऱ्याला थांबावं लागतं. त्यात, संपून गेलेल्या कामांच्या नोंदी कोणी पुसत नाही, त्यामुळे तक्ता फुगत जातो आणि शोधायला आणखी वेळ लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरांना मी हे शिकवलेलं आहे. पण घरच्या मशीनवर करून पाहिलं तेव्हा ओझं काहीच आलं नाही, आणि मी अहवालात 'नगण्य' असा शब्द लिहून मोकळी झाले. घरच्या मशीनवर बाजार कुठून भरणार होता?

पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती एक गोष्ट लागली. एकाच फोनवरून तोच संदेश सात वेळा आलेला. मला कोण आनंद झाला! रस्ते बंद व्हायच्या आधीची सगळ्या सिस्टरांची बैठक भामरागडला होती. तिथे मी भिंतीवर चित्र दाखवलं आणि विचारलं, हा फोन कोणाचा? मागच्या रांगेतून एक पन्नाशीच्या बाई उठल्या. त्या भागात वीस वर्षं काढलेल्या, माडिया आदिवासींच्या घराघरांत ओळख असलेल्या सिस्टर.

"बाई, सात सात वेळा काऊन दाबता?" मी म्हटलं.

"टिक येत नाई जी. टिक नाई आली का मले वाटते गेलाच नाई."

"गेलेला असते तो. तुमी दाबत राहता म्हणून तर मशीन अटकते. एकदाच दाबायचं. एकदाच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. बाई खाली बसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे संस्थेने माझं ते वाक्य छापून पत्रक काढलं आणि प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवलं.

टिक का येत नाही हे मी स्वतःला विचारलं नाही. संदेश पोचल्याची टिक मशीनच परत पाठवतं. मशीन हळू झालं की टिक उशिरा येते, टिक आली नाही की बाई पुन्हा दाबतात, आणि त्याने मशीन आणखी हळू होतं. सुरुवात त्यांच्या बोटापासून होत नव्हती. सुरुवात मशीनपासून होत होती, आणि मशीनच्या गळ्यात मी माझा तक्ता बांधून ठेवला होता. इतकं साधं होतं ते.

ऑगस्टमधल्या त्या बाजाराच्या दिवशी मी घरी जेवून बसले होते. तीन दिवस पाऊस लागून होता, त्याआधीचे दोन बाजार पावसाने भरलेच नव्हते, त्यांचेही संदेश साचलेले होते, आणि दीडच्या सुमाराला टेकडी-टेकडीवरून ते सुटले. माझ्या पडद्यावर आलेख असा चढला की मी खुर्चीत सरसावून बसले. एवढी चांगली नोंद मला कधी मिळाली नव्हती. कुठलं काम कुठे थांबतंय, सगळं दिसत होतं. मला खरंच फार मजा वाटत होती.

अडीचला भाऊंचा फोन आला.

"मॅडम, येणं बंद झालं. एक पण संदेश टेबलावर येऊन नाई राह्यला. तुमचं ते काय लावलं आहे, ते काढून पाहा ना जरा."

"भाऊ, अर्धा घंटा थांबा. मले आता दिसूनच राह्यलं. आता काढलं त सगळं वाया जाईन."

"पाणी चढून राह्यलं म्हणते बोटवाला."

"फक्त अर्धा घंटा, भाऊ."

भाऊंनी वायरलेसवर आयुष्य काढलं होतं, त्यांना कळत होतं. पण मी पुण्याहून आलेली मॅडम. त्यांनी 'बरं' म्हटलं. मी अर्ध्या तासाने नाही, सव्वा तासाने प्रोग्राम काढला, आणि तोवर साचलेलं उतरायला मशीनला पावणेदोन तास लागले. साडेपाचला एक संदेश भाऊंच्या टेबलावर आला. दीडला निघालेला. 'दिवस भरलेली बाई, अंगावरून जात आहे, बोट लवकर पाठवा.' तो नऊ वेळा आला होता, बैठकीत उठलेल्या त्याच सिस्टरबाईंच्या फोनवरून. भाऊंनी लगेच भामरागडला फोन लावला. बोटवाल्याने सांगितलं, दुपारी तीनपर्यंत जाता येत होतं, आता नदीत लाकडं वाहून येताहेत, आता कोणीच जाणार नाही.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पोटातलं बाळही गेलं.

आठवडाभर मी मशीनला हात लावला नाही. मग बसले आणि त्या दिवशीची सगळी गर्दी घरच्या मशीनवर जशीच्या तशी पुन्हा सोडली. एकदा माझा प्रोग्राम लावून, एकदा काढून. लावून केलं तर तो संदेश तासन्‌तास अडकला. काढून केलं तर मशीन धापा टाकत का होईना, पण चालत राहिलं, आणि नऊच्या नऊ दाबण्यांसकट तो संदेश दोनच्या आत बाहेर आला. दोनला बोट जाऊ शकत होती. मी हे तीनदा करून पाहिलं. आकडा बदलावा म्हणून मी मनातल्या मनात किती गयावया केली ते माझं मला ठाऊक.

मी ते कागद घेऊन संस्थेच्या साहेबांकडे गेले. त्यांनी सगळे वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, पूर होता. मी म्हटलं, पूर तीननंतर होता. ते म्हणाले, तुम्ही थकलेल्या दिसता. अहवाल गेला त्यात पूर होता, आणि खाली एक ओळ होती: 'एकच संदेश वारंवार पाठवल्याने यंत्रणेवर ताण आला.' वाक्य माझंच होतं, बैठकीतलं. माझं खापर फोडायला त्यांना मी स्वतःच एक डोकं दाखवून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर वाटा मोकळ्या झाल्यावर मी त्या गावाला गेले. भामरागडहून मोटरसायकल, मग डोंग्यातून नदी, मग पायी. बाईंना खरं सांगायचं, एवढंच ठरवून गेले होते. पोचले तो लसीकरणाचा दिवस निघाला. उपकेंद्राच्या ओसरीवर बायका लेकरं घेऊन बसलेल्या. बाईंनी मला खूण करून बसायला सांगितलं आणि काम सुरू ठेवलं. त्यांच्यापुढे मोठं रजिस्टर होतं, पण त्या ते उघडत नव्हत्या. प्रत्येक आईने पदरात किंवा पिशवीत स्वतःचं कार्ड आणलेलं होतं. कोणता डोस झाला, वजन किती, सगळं त्यावर. बाई कार्ड घेत, त्यावरच लिहीत आणि परत देत. रजिस्टरात नाव शोधत बसायचं काम नाही, एकीपायी दुसरी खोळंबत नाही. ज्याची नोंद त्याच्याजवळ.

आणि तिथे, त्या ओसरीवर, मला तक्त्यावरचा उपाय सुचला. सामाईक तक्ता ठेवायचाच नाही. कर्नेल प्रत्येक कामाचं एक खातं आपल्याजवळ बाळगतंच. त्यालाच माझी छोटीशी नोंद जोडून द्यायची. काम समोर आलं की नोंद त्याच्या अंगावरच असेल, शोधायला नको, थांबायला नको. काम संपलं की त्याच्यासोबत तीही पुसली जाईल. ही सोय कर्नेलमध्ये होतीच. मी ती वापरली नव्हती, जुन्या सवयीने. मी पिशवीतून वही काढून लिहायलाही लागले. चार ओळी झाल्या आणि माझ्या ध्यानात आलं की मला आनंद होतो आहे. त्या गावात, त्या ओसरीवर बसून. मला माझी एवढी किळस कधी आली नव्हती.

बायका गेल्यावर बाईंनी चूल पेटवून चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं, की तुमच्या दाबण्याने काही झालं नाही, मी तिथे एक प्रोग्राम लावला होता, त्याने मशीन अडकलं, भाऊ काढा म्हणत होते आणि मी काढला नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं होतं मॅडम, एकदाच दाबा म्हणून. मी वहीत लिहून पण घेतलं होतं. पण तिच्या अंगावरून जाऊन राह्यलं होतं, माया जीव राह्यला नाई. मी दाबत गेलो, दाबत गेलो."

"बाई, तुमी एकदा दाबलं असतं तरी तेच झालं असतं. चूक माझी आहे."

"तुमी मोठ्या मनाच्या आहा. मले बरं वाटावं म्हणून इतक्या दूर येऊन सांगून राह्यल्या." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "तिची सासू रोज इथून जाते. कायी म्हणत नाई. मलेच तोंड वर करता येत नाई."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. शेवटी रडले. त्या रडण्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली, की ही बाई आपली समजूत काढते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना मी म्हटलं, यापुढे पाहिजे तितक्या वेळा दाबा, टिक येईपर्यंत दाबा. त्या म्हणाल्या, "नाई जी. आता एकदाच. टिक येवो न येवो." त्यांच्या पाठीमागे भिंतीवर ते पत्रक होतं. मी ते फाडायला हात पुढे केला तर त्यांनी मला अडवलं. सरकारी भिंत आहे म्हणाल्या.

गडचिरोलीला आल्यावर मी साहेबांच्या मागे लागले की नवं पत्रक काढा. ते म्हणाले, आधीच्या अहवालाशी विसंगत होईल. मी बाईंना चिठ्ठी लिहून पाठवली. उत्तर आलं, 'चिठ्ठी मिळाली. तब्येतीस जपा.'

नवा प्रोग्राम मी त्या हिवाळ्यात लिहिला. जीव तोडून लिहिला, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. बाजाराची सगळी गर्दी सोडून पाहिली, त्याचं ओझं मशीनला कळलंसुद्धा नाही. आणि त्याच्या नोंदींवरून मशीन मुळात का अडकत होतं तेही एका दुपारी सापडलं: प्रत्येक संदेश डिस्कवर उतरेपर्यंत पुढचा घेतला जात नव्हता. दुरुस्ती लहानशी होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि माझे आलेख मुंबईच्या कुठल्याशा सभेत दाखवून आले. भाऊंनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"चांगलं झालं मॅडम. हे पयले काऊन नाई केलं?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या पुराच्या आठवड्यात, मी मुद्दाम नियंत्रण कक्षात जाऊन बसले. बाजाराचा दिवस होता. दीडला संदेश सुटले आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत सगळे भाऊंच्या टेबलावर होते. एकही अडकला नाही. भाऊ यादीवर एकेका गावापुढे खूण करत गेले. एका गावापुढे खूण झाली नाही.

"बाईचा आला नाई," ते म्हणाले.

मी नोंदी पाहिल्या. मशीनच्या दारापर्यंत आलेलं सगळं मला दिसत होतं, अगदी बारीकसारीक. त्या फोनवरून काहीच आलेलं नव्हतं. वाटेतच कुठेतरी रेंजमध्ये विरलं असेल, तसं नेहमी होतं, म्हणून तर लोक पुन्हा दाबतात. फोन लावून पाहिला, लागला नाही. मी साहेबांना म्हटलं, बोट पाठवून बघू या. ते म्हणाले, संदेश नाही म्हणजे काही अडचण नाही. बोट एक आहे आणि संदेश आलेली गावं चार आहेत. ते नियमाने बरोबर बोलत होते. मी त्या दिवशी आणि पुढचे दोन्ही दिवस तिथेच बसून राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी भामरागडच्या बोटवाल्याने एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. कोणी माणूस ती पायी घेऊन आला होता. बाईंचं गोल, स्वच्छ अक्षर होतं. 'बाजाराच्या दिवशी संदेश टाकला आहे. पहिलटकरीण आहे, लेकरू आडवं आहे. सांगितल्याप्रमाणे एकदाच टाकला. बोटीची वाट पाहत आहोत.'

भाऊ तेवढ्यात बोटवाल्याशी बोलायला लागले होते. मी फोटो मोठा करून पाहिला. चिठ्ठीवरची तारीख दोन दिवसांपूर्वीची होती.